वीस नंबरचे बूट

१२ फेब्रुवारी २००९, गुरुवार

रहमा गेली. सकाळी टँजियरची बस आली. आत आमच्या भागातल्या आणखी बऱ्याच बायका होत्या, सगळ्यांच्या मांडीवर गाठोडी आणि सगळ्यांचे डोळे लाल. टँजियरहून बोटीने स्पेन आणि तिथून शेतावर, स्ट्रॉबेरी खुडायला. जूनमध्ये परत. घरी लहान मूल असलेल्या बायकांनाच नेतात, म्हणजे त्या तिकडेच राहून जात नाहीत. शामा झाली नसती तर रहमाला कुणी नेलं नसतं, आणि शामा झाली नसती तर तिला जायची गरजही पडली नसती. हे कुणापुढे बोललो तर लोक म्हणतील शिंपी खुळावला. म्हणून इथे लिहितो.

पंधरवड्यापूर्वी तिने छातीला कडू बोळ लावून शामाचं दूध तोडलं. पोरीने तोंड वाकडं केलं, थुंकली, आणि दुसऱ्या दिवशी मागितलंसुद्धा नाही. रडली ती रहमा, स्वयंपाकघरात, पडद्याआड.

बस सुटताना शामा माझ्या खांद्यावर झोपलेली होती. रहमाने तिला उठवलं नाही. तिचा पाय हातात घेतला आणि बुटाची लेस सोडून पुन्हा बांधली. पांढरे बूट, वीस नंबरचे, मागच्या आठवड्यात तिनेच बाजारातून आणलेले, बोटभर मोठे. "वाढता पाय आहे," म्हणाली होती. मग बसच्या पायरीवरून मागे वळली आणि म्हणाली, "जिलाली, तिला सांग, मी येईपर्यंत चालायचं नाही."

सगळ्या बायका हसल्या. मी हसलो नाही. "सांगतो," म्हणालो.

१७ फेब्रुवारी

दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. मागे पडदा, पडद्यामागे स्वयंपाकघर आणि हातभर अंगण. त्यामुळे पोरगी डोळ्यांसमोर राहते, पण काम होत नाही. शामा चिंध्यांच्या ढिगात रांगते, रिळं तोंडात घालते. आज एका गिऱ्हाइकाच्या पायघोळ जलाब्याला पाठीशी जोडलेल्या टोपीत बसून राहिली. गिऱ्हाईक आलं तर म्हणे, हिच्यासकट बांधून द्या.

समोर मिलूद न्हाव्याचं दुकान आहे. त्याला दिवसभर दुसरं काम नाही. मी शामाला पाठीशी बांधून शिवत होतो तर तिथून उस्तादाला घालावी तशी हाक घालून ओरडला, "मालेम जिलाली, दूधही पाजतोस का रे?"

"तुझ्यासाठी ठेवलंय थोडं," मी म्हणालो.

तो हसला आणि तेवढ्यावर आजचं माझं बोलणं संपलं. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कुणाशी बोललो असेन तर आठवत नाही. "कोपर वर करा," "श्वास सोडा," हे बोलणं धरलं नाही तर.

२२ फेब्रुवारी, रविवार

रहमाचा फोन आला. रविवारीच येणार, शेतावर आठवडाभर वेळ नाही. थंडी आहे म्हणाली, कंबर धरली आहे म्हणाली, जेवण बेचव आहे पण पोटभर आहे म्हणाली. मी फोन शामाच्या कानाला लावला. ती ऐकत राहिली, मग फोन तोंडात घातला, मग त्याचा मुका घेतला आणि म्हणाली, "मा."

रहमाला ते ऐकू गेलं. ती रडली. मीही खूश झालो.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की शामा अजून "मा, मा" करते आहे, आणि बोट फोनकडे आहे. रात्री जेवताना फोन ताटाशेजारी ठेवला तर त्याला कुसकूस भरवायला लागली.

६ मार्च, शुक्रवार

आज शामा चालली.

जुम्म्याची वेळ. तिला कुणाकडे ठेवणार, म्हणून मी मशिदीत गेलो नव्हतो. गल्ली रिकामी. मी एका जलाब्याला गुंड्या बसवत होतो, सुई ओठांत धरलेली. शामा कपाटाला धरून उभी होती. तिने कपाट सोडलं. काही धरायला शोधलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही, जणू हे रोजचंच आहे अशी पावलं टाकत इस्त्रीच्या मेजापर्यंत आली, मेजाच्या पायाला मिठी मारली आणि मग हसली.

ओठांत सुई म्हणून ओरडता आलं नाही. सुई काढली, तर कुणाकडे बघून ओरडायचं? दारात जाऊन उभा राहिलो. मिलूदच्या दुकानाला कुलूप. समोरच्या ओट्यावर मांजर झोपलेलं. मी मांजराला म्हणालो, "चालली." त्याने एक डोळा उघडला.

आत येऊन शामाला उचललं. एवढ्या मोठ्या गोष्टीला घरात दुसरं माणूस पाहिजे. एकट्याला ती पेलत नाही.

८ मार्च, रविवार

ठरवलं होतं की रहमाचा आवाज आला की आधी हेच सांगायचं. पण तिने मला बोलूच दिलं नाही. म्हणाली, तिच्या खोलीतल्या एका बाईच्या घरून फोन आला, मुलगा चालायला लागला. सगळ्या जणींनी टाळ्या वाजवल्या आणि ती बाई तोंडावर पांघरूण घेऊन दिवसभर उठली नाही. मग मला विचारलं, "आपली चालली नाही ना अजून?"

"नाही," मी म्हणालो.

"शहाणी माझी ती," रहमा म्हणाली, आणि हसली. गेल्यापासून पहिल्यांदा अशी हसली.

मग मी काय चूक केली? तिने स्वतःच सांगितलं होतं. ती येईल, शामा तिच्यासमोर पाऊल टाकेल, तेच पहिलं. पोरीला कुठे आठवणार आहे. माझ्या तोंडून गेलं नाही तर झालं. मिलूदलाही सांगून ठेवलं की आमच्या बाईच्या माहेरचं कुणी बाजारात भेटलं तर बोलायचं नाही. तो म्हणाला, "मालेम, लोक बाटल्या लपवतात, तू पोर लपवतोस."

२२ मार्च, रविवार

शामा आता चालत नाही, पळते. फरशीवर बूट आपटत कपाटापासून दारापर्यंत, दारापासून कपाटापर्यंत. आज फोन चालू असतानाच सुरू झाली.

"कसला आवाज आहे?" रहमाने विचारलं.

"मशीन," मी म्हणालो. पायाने चालवायचं जुनं मशीन आहे माझं, खडखडतं. पटण्यासारखं होतं.

ती म्हणाली, "जरा फोन खाली धर. ऐकू दे. घरचा आवाज आहे."

मी खरोखर मशीनवर बसलो आणि पाय मारले. ती म्हणाली, "हा नको. मघाचा होता तो बरा होता." मी म्हटलं, मघाशी जाड कापड होतं. ती "अच्छा" म्हणाली. बिचारी, मशीनच्या खडखडाटासाठी झुरते आहे. माणूस परदेशी गेलं की कशाची आठवण येईल सांगता येत नाही.

५ एप्रिल, रविवार

रहमा म्हणाली, तिकडे बाजारात मुलांचे बूट चांगले मिळतात, शामाच्या पायाचं माप सांग. मी म्हणालो, "तेच. वीस." जी पोर चालत नाही तिचा बूट बदलायचा कशाला? एकवीस म्हटलं असतं तर विचारलं असतं, आधीचे काय झाले? आणि खरं तर मला ते पांढरे बूटच बरे वाटतात. ते तिच्या आईने बांधले होते. तिने मागे ठेवलेली शामा त्या बुटांतली.

हल्ली बूट घालताना पोरगी फार हट्ट करते. पाय आखडून घेते, बोटं मुठीसारखी वळवते. रडते. हट्टी वय आहे. टाच आत जाण्यासाठी चमचा वापरावा लागतो.

कपड्यांचंही तसंच. जानेवारीत शिवलेली विजार आज पोटरीवर आली. मीच शिवली होती, मीच माप घेतलं होतं. मला दारातून आत येणाऱ्या माणसाचं माप नजरेनेच कळतं, टेप नंतर नुसती दाखवायला लावतो. म्हणजे कापडच आटलं असणार.

"मशीन चालू कर ना जरा," रहमा शेवटी म्हणाली. हे आता दर रविवारी. मी पाय मारतो, ती गप्प ऐकते, पण नंतर उदास वाटते.

१९ एप्रिल, रविवार

मोठा घोळ झाला. रहमा म्हणाली, "सोळा महिने झाले जिलाली. अजून चालत नाही म्हणजे काहीतरी आहे. मशिदीच्या दारात नेऊन तिचा दोरा कापून घे. मी आईला सांगितलंय, ती शुक्रवारी येते."

ज्यांची पोरं चालायला उशीर करतात ते जुम्म्याला करतात हे. पोराचे पाय लोकरीच्या दोऱ्याने बांधून मशिदीच्या दारात उभं करायचं, नमाजानंतर पहिला जो बाहेर येईल त्याने दोरा कापायचा. मग पोर चालतं.

मी म्हणालो, कशाला उगाच, चालेल की. ती म्हणाली, "का? नको का?" तिचा आवाज जरा वेगळाच वाटला. मी म्हणालो, "नाही, नाही. करू."

२४ एप्रिल, शुक्रवार

हे सगळं नीट लिहून काढतो, नाहीतर डोक्यात घोळत राहील.

सासूबाई यामना, मी त्यांना खालती म्हणजे मावशी म्हणतो, सकाळच्या टॅक्सीने आल्या. हातात खजूर, गोळ्या आणि लाल लोकरीचा दोरा. त्यांनी दार लोटलं आणि शामा आतून पळत गेली, त्यांच्या हातातली पिशवी ओढली आणि पिशवी घेऊन माझ्याकडे पळत आली.

खालती उंबऱ्यातच थांबल्या. "जिलाली."

"हं, खालती."

"ही चालते."

"हो."

"कधीपासून?"

"मार्चपासून."

त्या स्टुलावर बसल्या. मी सगळं सांगितलं. बसची पायरी, रहमाचं बोलणं, रविवार. सांगताना मलाच ते शहाणपणाचं वाटेना.

"अरे गाढवा," खालती म्हणाल्या, "ती थट्टा होती. बाई पोर टाकून बसमध्ये चढताना रडू येऊ नये म्हणून काहीबाही बोलते. उचल फोन आणि सांग तिला आत्ता."

"आता कसं सांगू? इतके रविवार खोटं बोललो ते? त्यापेक्षा दोरा कापू. आज कापला, आज चालली. संध्याकाळी तिला सांगतो. पहिली बातमी तिचीच होईल."

"चालत्या पोराचे पाय बांधत नसतात, पोरा. पाय धरून बसतात मग."

"बांधायचा दोरा तुम्हीच आणलात."

"न चालणाऱ्या पोरासाठी आणलाय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून मान हलवली. "तुझी लेक, तुझं डोकं."

मी शामाला पांढरे बूट घातले. आईचे बूट असावेत म्हणून. पोरीने घर डोक्यावर घेतलं. खालती अंगणात तोंड धूत होत्या, त्यांना वाटलं दोऱ्याला घाबरली.

मशिदीच्या दारात तिला उभं केलं, घोट्यांभोवती लाल दोरा. नमाज संपला आणि पहिला बाहेर आला तो मिलूद. तो नेहमी दारापाशीच बसतो, दुकान लवकर उघडायला. त्याने शामाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हिचे पाय बांधलेत? मालेम, हे महिनाभर आधी करायला हवं होतंस. काल माझा दाढीचा ब्रश घेऊन पळाली, अजून मिळालेला नाही."

मागून येणारे हसायला लागले. खालती म्हणाल्या, "काप रे तू. जीभ चालते तेवढे हात चालव."

मिलूदने बिस्मिल्ला म्हणून कात्री लावली. दोरा पडला. सगळे थांबले. मी दोन पावलं मागे सरून हात पुढे केले. शामाने एक पाय उचलला, टेकवला, तिचा ओठ थरथरला आणि ती खाली बसली. मग अशी रडली की हसणारे गप्प झाले. मी उचलून उभं केलं, पुन्हा बसली. खालतींनी खजूर वाटले. लोकांनी खाली बघत घेतले.

संध्याकाळी रहमाचा फोन आला, शुक्रवार असून.

"कापला? चालली?"

"नाही," मी म्हणालो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खरं बोललो आणि त्याचीच लाज वाटली.

ती म्हणाली, "मशीन बंद आहे का आज?"

"हो. शुक्रवार आहे."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

२७ एप्रिल

शामा चालत नाही. रांगते. उभी केली की बसते. खालती काल परत गेल्या. जाताना दोऱ्याचे दोन तुकडे कनवटीला लावून घेऊन गेल्या. त्यांच्या गावाजवळच्या पिराच्या झाडाला बांधणार असतील.

मी माझ्या हाताने बांधले तिचे पाय.

२९ एप्रिल

काम सुचत नाही. एका जलाब्याच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या.

पोर लवकर मोठी होते आहे म्हणून मी तिला धरून ठेवायला निघालो होतो. रहमासाठी, असं म्हणत होतो. आज शामा रांगत माझ्यापाशी आली, फेब्रुवारीत यायची तशी, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. हे मी लिहितो आहे कारण ते खरं आहे. मग तिच्या तोंडाकडे बघितलं आणि माझी मलाच भीती वाटली.

तिच्या पायाची बोटं लाल आहेत. दोऱ्याचा वळ असणार. दोरा घोट्याला होता, पण रक्त खाली उतरत असेल.

१ मे, शुक्रवार

सकाळी ठरवलं की तिच्यासाठी मऊ सपाता शिवायच्या. उरलेल्या लोकरी कापडाच्या, खाली चामडं. नवं काही पायात घातलं तर उठेल, एवढाच विचार.

तिला मेजावर उभं केलं, खाली काळं कापड, आणि खडूने पावलाभोवती रेघ मारली. तिला गुदगुल्या झाल्या, हसली. मग सपातीला साधारण किती चामडं लागेल ते बघावं म्हणून पांढरा बूट उचलून त्या रेघेवर ठेवला.

रेघ बुटाच्या बाहेर होती. पुढून बाहेर, दोन्ही बाजूंनी बाहेर. बुटाभोवती खडूचं दुसरं पाऊल दिसत होतं. मी बूट सरळ केला, मागे सरकवला, पुन्हा ठेवला. तरी बाहेरच.

मग तिचा पाय हातात घेऊन बघितला, खरंच बघितला. अंगठ्याचं नख काळं पडलं आहे. त्याच्या कडेला पू. शेजारच्या बोटावर फोड फुटलेला.

ना दोरा, ना पाय धरून बसणं, ना मशीद. मी गावाची मापं घेतो. माणूस वाकला, सुटला, आजारी पडला तर मला त्याच्या बायकोच्या आधी कळतं. आणि माझ्या पोरीचा पाय मी चमच्याने आत ढकलत होतो.

सरकारी दवाखान्यात नेलं. नर्सने नख साफ केलं, मलम दिलं. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. घरी येऊन मोठ्या कात्रीने दोन्ही बूट पुढून कापले, म्हणजे पुन्हा माझाच हात तिकडे जाणार नाही. मिलूद दारात येऊन उभा होता. त्याने विचारलं काय झालं. मी सांगितलं. तो थट्टा करेल असं वाटलं होतं. त्याने खिशातून गोळी काढून शामाला दिली आणि गेला.

६ मे

चालली. अनवाणी, जरा लंगडत, कपाटापासून मेजापर्यंत. ह्या वेळी मी ओरडलो. मिलूद अर्धी दाढी केलेलं गिऱ्हाईक सोडून धावत आला.

१० मे, रविवार

रहमाला सांगितलं. "चालली! बुधवारी. दोऱ्याचा गुण जरा उशिरा आला." इतकी जपून ठेवलेली बातमी. मला वाटलं ती ओरडेल, खोलीतल्या बायकांना सांगेल, टाळ्या ऐकू येतील.

ती म्हणाली, "बरं." मग थोड्या वेळाने, "पडत नाही ना?"

"नाही."

"बरं झालं."

एवढंच. थकली असेल. उन्हाळा सुरू झालाय, प्लास्टिकच्या मांडवाखाली फार उकडतं म्हणे. पण मला वाईट वाटलं. फोन ठेवून पडद्यामागे जाऊन बसलो. शामा आली आणि माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून लगेच गेली. हल्ली मांडीवर बसत नाही. येते, टेकते, जाते.

२८ मे

गेल्या काही दिवसांतले तिचे नवे शब्द: पाणी, मांजर, कात्री, नको. "नको" सगळ्यात जास्त. पेला स्वतः धरते. झोपताना माझं बोट लागत नाही. काल मी सवयीने तिच्या हातात बोट दिलं, तिने झोपेतच ते सोडून दिलं.

लहान झालेले कपडे गाठोड्यात बांधले. गाठोडं कुठे ठेवावं कळेना. कुणी विचारेल तर काय सांगणार, की ह्यात एक मुलगी होती, ती फेब्रुवारीत होती, मार्चमध्ये नव्हती. तिचा फोटोही मी काढला नाही. ती कशी दिसायची ते मला एकट्यालाच माहीत आहे आणि मलाही नीट आठवत नाही.

१४ जून, रविवार

रहमा काल आली.

बसमधून उतरली तेव्हा आधी ओळखू आली नाही. काळवंडली आहे, वाळली आहे, बोटांना चिरा. मी शामाला कडेवरून खाली ठेवलं. मी ठरवलं होतं तसं, तिच्याकडे पळत जावं म्हणून. शामा माझ्या पायामागे गेली आणि विजार घट्ट धरून राहिली.

रहमाने हात पुढे केले नाहीत. "असू दे," म्हणाली. "घरी चल."

घरी आल्यावर पिशवीतून बूट काढले. लाल, पट्ट्याचे. मी तळव्यावरचा आकडा बघितला. बावीस.

"मी वीस सांगितलं होतं," मी म्हणालो.

"माहीत आहे." तिने खाली बसून शामाच्या समोर बूट ठेवले, हात लावला नाही. शामाने स्वतःच पाय घातला. बरोबर बसला. "चालणाऱ्या पोराचा पाय वाढतो, एवढं मला कळतं."

"पण ती चालते हे..."

"मार्चमध्ये ऐकलं मी. फरशीवर. टप टप टप, दारापर्यंत, आणि परत. तू म्हणालास मशीन." ती माझ्याकडे बघत नव्हती, बुटाचा पट्टा लावत होती. "मग दर रविवारी म्हणायचे, मशीन ऐकव. आणि तू खरंच मशीन चालवायचास, जिलाली."

म्हणालो, "मग दोऱ्याचं काय काढलंस?"

"म्हटलं, तुला वाट करून द्यावी. दोरा कापला की म्हणशील, चालली. तेव्हाही नाही म्हणालास."

"तेव्हा खरंच चालली नाही," मी म्हणालो, आणि पांढऱ्या बुटांचं सगळं सांगितलं. नखाचं, खडूचं, चमच्याचंसुद्धा. ती ऐकत होती. शामाचा अंगठा हातात घेऊन तिने नव्याने येणारं नख बघितलं.

"तू बसवर म्हणाली होतीस," मी म्हणालो. "मी येईपर्यंत चालायचं नाही."

"हो. म्हणाले होते." मग जरा वेळाने, "खोलीत कुणाला सांगू? माझाच नवरा म्हणतो चालत नाही. ज्या दिवशी पावलं ऐकली त्या दिवशी मी बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले. तिथे एक कुत्रा होता. त्याला सांगितलं."

मी तिला मांजराचं सांगितलं नाही. ती बातमी आम्हा दोघांकडेही होती, समुद्राच्या दोन्ही बाजूंना, आणि दोघांनीही ती एकेकट्याने गिळली. मी तिला वाचवतो आहे असं मला वाटत होतं. मी तिला कुत्र्याशी बोलायला लावलं.

आज सकाळपासून शामा रहमाच्या हातून पाव घेते, पण घेताना माझ्याकडे बघते. जवळ जात नाही. रहमाने एकदाही ओढलं नाही. दुपारी जेवण झाल्यावर तिने भांडी आत नेली आणि पडद्याआडून विचारलं, "तुझा फोन चालू आहे?"

"आहे. का?"

फोन वाजला.

शामाने हातातली रिळं टाकली. "मा!" म्हणत धावत आली आणि माझ्या खिशावर हात मारायला लागली. मी फोन काढून तिच्या कानाला लावला. आतून रहमाचा आवाज आला, रविवारचा आवाज, "शामा, काय करतेस ग?" आणि तोच आवाज पडद्यामागूनही आला. शामाने फोन कानावरून काढून बघितला. पुन्हा लावला. मग मान वळवून पडद्याकडे बघत राहिली.

तिने फोन माझ्या हातात दिला आणि निघाली. मला वाटलं आपणही उठावं, पडदा बाजूला करून द्यावा. उठलो नाही. फोन माझ्या कानाला लावून मशीनपाशी बसून राहिलो. पलीकडे रहमाचा श्वास होता. मग लांबून पावलं ऐकू आली, टप टप, नव्या बुटांची, जवळ जवळ येत, आणि थांबली. मग रहमाने फोन बंद केला.